बाकल्याची उंची आणि प्रिंगलसाहेबांची मोजपट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि टॅलोफील्डचे नगराध्यक्ष माननीय श्री. कॉस्टा व्लाहोस, व्यासपीठावरील मुख्याधिकारी महोदया, सन्माननीय नगरसेवक, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. लेस्टर प्रिंगल, त्यांच्या पत्नी मॅव्हिसताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बागकर्मी बंधुभगिनींनो,

ज्या भूमीवर हे नगरभवन उभे आहे, तिच्या मूळ मालकांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना मी प्रथम वंदन करते. आपल्याकडे प्रत्येक सभेच्या आरंभी हे वंदन होते, आणि ते योग्यच आहे. ही भूमी कुणाची होती, हे एकदा मोकळ्या मनाने मान्य केले, की उरलेला वेळ रस्त्याकडेची चिंचोळी पट्टी पालिकेची की समोरच्या घराची, यावर भांडायला आपण मोकळे होतो.

मी इयोना मॅकॅस्किल. टॅलोफील्ड गृहउद्यान मंडळाची अध्यक्ष. त्याआधी इथल्याच शाळेत मी विज्ञान शिकवत असे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना, नगराध्यक्षांसह, वनस्पती अन्न कसे तयार करतात हे मी समजावले आहे. कितीजणांना समजले, हा प्रश्न आज काढत नाही. पालिकेच्या नियमपालन अधिकाऱ्याला निरोप देण्यासाठी त्याच्याच नोटिशी झेललेल्या मंडळाची अध्यक्ष उभी राहते, याचे काहींना नवल वाटले. मला वाटत नाही. आमच्या बागांकडे इतकी वर्षे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी पाहिले आहे का? आमची मुलेसुद्धा नाताळच्या उन्हाळी सुट्टीत येतात, टोमॅटो नेतात आणि झाड कुठे आहे हे विचारत नाहीत. प्रिंगलसाहेब निदान गुडघे टेकून पाहत.

खिडकीजवळच्या ताईंना विनंती, तो पडदा ओढू नका. ऊन थेट माझ्या डोळ्यांवर येते आहे हे खरे, पण असू द्या. मला उन्हाची अडचण नाही, आणि ते किती उरले आहे हे दिसलेले बरे.

आता मुद्द्याकडे येते. आपणा सर्वांना ठाऊक आहे की हा समारंभ आटोपला, चहा झाला, की प्रिंगलसाहेब आपल्या नोकरीतले शेवटचे काम करायला जाणार आहेत. ते टॅनर्स स्ट्रीटवर जातील आणि श्रीमती नाझरेना झामित यांच्या घरासमोरच्या पट्टीवरचा बाकला मोजतील. नोटिशीची मुदत आज संपते. बाकला ठरल्या उंचीच्या वर आढळला, तर सोमवारी पालिकेची गाडी येईल आणि तो जमिनीसरसा कापून नेईल. नाझरेनाबाई तिसऱ्या रांगेत, हिरव्या स्वेटरमध्ये बसल्या आहेत. त्यांनी सगळ्यांसाठी पास्तित्सी, म्हणजे त्यांच्याकडच्या रिकोटा चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, करून आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत, गरम आहेत तोवर घ्या.

ज्या नगरसेवकांनी शेंगभाज्या केवळ गोठवलेल्या पाकिटात पाहिल्या असतील, त्यांच्यासाठी सांगते. बाकला म्हणजे वालाचा दांडगा चुलतभाऊ. थंडीच्या तोंडावर पेरावा, वसंतात काळे ठिपके असलेली पांढरी फुले येतात, मग जाड, आतून मखमली अस्तर लावल्यासारख्या शेंगा. तो हवेतला नायट्रोजन घेतो आणि मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने त्याचे खत करतो. विचार करा, ज्या मातीत उभे राहायचे तिलाच काही देऊन जाणारा रहिवासी! पालिकेने त्याला खरे तर करात सवलत द्यायला हवी. पालिकेला मात्र त्याची एकच गोष्ट दिसते. तो माणसाच्या छातीएवढा वाढतो, आणि पट्टीवरच्या झाडाने गुडघ्याच्या वर जाऊ नये असा नियम आहे.

ही पट्टी म्हणजे काय, याचाही शांतपणे विचार करू. पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये जे गवत असते, ती जमीन पालिकेची. पण ते गवत कापायचे कोणी? समोरच्या रहिवाशाने. पाणी कोणाचे? रहिवाशाचे. त्यावर फाटकी गादी कोणी आणून टाकली, तर ती हटेपर्यंत शरमेने मान खाली घालायची कोणी? रहिवाशानेच. आणि त्यात त्याने काही पेरले, तर अतिक्रमण कोणाचे? बरोबर. मागच्या रांगेतून उत्तर आले, तेव्हा वर्ग जागा आहे याचे समाधान वाटते.

नाझरेनाबाई पूर्वी बाकला परसात लावत. मग त्यांच्या कुंपणाला लागून तीन मजली इमारत उभी राहिली. तिला याच पालिकेने परवानगी दिली. इमारतीची उंची तपासली गेली, आणि ती नियमात बसली. तिच्या सावलीची लांबी तपासण्याची मात्र नियमात सोय नाही. परसातले लिंबाचे झाड पिवळे पडले, आणि बाईंच्या मालकीची सूर्यप्रकाश मिळणारी जमीन संपली. ऊन उरले ते फक्त समोरच्या पट्टीवर, म्हणजे पालिकेच्या मालकीचे. बाईंनी बाकला तिथे हलवला.

तुम्ही म्हणाल, एका हंगामाचा बाकला गेला तर काय बिघडले? बाजारात मिळतो. इथे मला थोडे सविस्तर सांगावे लागेल.

(नगराध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. 'कृपया आवरते घ्यावे.' आभारी आहे. कॉस्टा, 'आवरते'मधला र अजूनही तसाच काढतोस. छान वाटले.)

तर, हे बी नाझरेनाबाईंचे दिवंगत पती करमेनू यांनी माल्टाजवळच्या गोझो बेटावरून आणले होते. ते चरबीच्या कारखान्यात काम करत आणि संध्याकाळी बाकला करत. आपली इथली माती कशी आहे, हे कुदळ हातात धरलेल्यांना सांगायला नको. लाव्हारसाची काळी, चिकट माती. हिवाळ्यात बूट धरून ठेवते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की मांजराचे पिल्लू हरवावे. त्या मातीत पहिल्या वर्षी निम्मी रोपे कुजली. जी तगली, त्यांचेच बी करमेनूंनी राखले. पुढच्या वर्षी त्यातलीही जी दणकट, त्यांचे. ही निवड त्यांनी केली, पुढे बाईंनी केली, आणि आज जे बी आहे ते गोझोचे राहिलेले नाही. ते टॅलोफील्डचे झाले आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखे.

पण गेल्या वसंतात पाऊस थांबलाच नाही. पानांवर तपकिरी डाग पडले, शेंगा काळ्या झाल्या. हाती आले ते ओंजळभर बी, आणि ते सगळेच्या सगळे यंदा पट्टीवर पेरले आहे. बरणी रिकामी आहे. आणि बी धरायचे तर शेंग हिरवी तोडून चालत नाही. ती झाडावरच वाळून काळी व्हावी लागते. त्याला अजून बरेच आठवडे आहेत. सोमवारी गाडी आली, तर एक पीक जाणार नाही, एक वाण जाईल.

आता हे प्रकरण उद्भवले कसे? तक्रार कोणी केली? काहींना इमारतीतल्या लोकांचा संशय आहे. तो चुकीचा आहे. तक्रार स्वतः नाझरेनाबाईंनी केली.

हसू नका. तुम्ही काय वेगळे केले असते? इमारतीसमोरच्या पट्टीवर कमरेएवढे तण माजले होते, त्यात दुकानातली एक ढकलगाडी उलटी पडली होती. टॅनर्स स्ट्रीटवर चार दशके स्वतःच्या दाराबाहेर झाडू मारणाऱ्या बाईला ते कसे सहन व्हावे? त्यांनी पालिकेला फोन केला. आणि पालिकेने प्रिंगलसाहेबांना पाठवले.

प्रिंगलसाहेबांचे तत्त्व सर्वज्ञात आहे. रस्त्याच्या एका बाजूची तक्रार आली, की ती अख्खी बाजू मोजायची. एकालाच मोजणे अन्यायाचे. ते आले, पिवळी घडीची मोजपट्टी उघडली आणि टोकापासून सुरुवात केली. तो संवाद मी फाटकात उभी राहून ऐकला आहे.

नाझरेनाबाई म्हणाल्या, "अरे, तिकडे बघ ना तिकडे! इकडे कुठे वाकतोस?"

"मिसेस झामित, तुमचा बाकला वर गेलाय."

"मग काय खाली जाईल? बाकला आहे तो, बटाटा नाही!"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मिसेस झामित."

"फोन मी केला, आणि नोटीस मलाच?"

"त्यांनाही दिली. तुम्हालाही दिली."

"केवढा न्यायी माणूस! तुझ्या बायकोला कौतुक असेल तुझं."

मॅव्हिसताई, आपण मान हलवत आहात. त्याची नोंद घेतली.

पुढे काय झाले, ते या पालिकेच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे. इमारतवाल्यांनी तण उपटले आणि त्या जागी प्लास्टिकचे गवत अंथरले. प्रिंगलसाहेबांनी ते मोजले. ते नियमात बसले. का बसणार नाही? ते वाढत नाही, फुलत नाही, त्यावर मधमाशी येत नाही, आणि उन्हाळ्यात त्यावर पाय ठेवला तर तळवा भाजतो. नियमांना हवी असलेली बाग अशीच असते. गेल्या महिन्यात 'नीटनेटका रस्ता' स्पर्धेत तिला उल्लेखनीय म्हणून गौरवण्यात आले. प्रमाणपत्र नगराध्यक्षांच्याच हस्ते दिले गेले. टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा, मी थांबते.

आमचे मंडळही स्वस्थ बसले नाही. मी नियम वाचला. उंची 'रस्त्याच्या कडेच्या दगडापासून' मोजावी असे त्यात आहे, रोपाच्या बुडापासून नव्हे. याचा अर्थ काय? वाफाच खाली गेला, तर झाड नियमात येते. आम्ही शनिवारी जमलो, बाकल्याच्या रांगा मातीच्या ढेकळांसकट उचलल्या, वाफा खोल खणला आणि रोपे खाली बसवली. बाकला खंदकातल्या सैनिकासारखा, फक्त डोके वर काढून उभा राहिला. मला त्या कामाचा अभिमान आहे.

प्रिंगलसाहेब आले. कडेच्या दगडावर मोजपट्टी टेकवली. पाहिले. पुन्हा पाहिले. "उंची ठीक आहे," ते म्हणाले. नाझरेनाबाईंनी हात जोडून आकाशाकडे पाहिले. मग साहेब म्हणाले, "पण पदपथालगत खड्डा खणता येत नाही. माणूस पडेल."

"कोण पडेल?" बाईंनी विचारले. "इथून मी जाते, पोस्टमन जातो आणि तू जातोस. पोस्टमनला डोळे आहेत."

खड्डा बुजवावा लागला. बाकला पुन्हा वर आला, आणि एवढी उलथापालथ होऊनही मेला नाही, उलट चेवाने वाढला. मी मघाशी वाणाबद्दल बोलले, त्याचा याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

त्यानंतर आम्ही रोपे सुतळीने वाकवून आडवी बांधली. प्रिंगलसाहेबांनी बराच वेळ विचार केला. आडव्या झाडाची उंची मोजायची की लांबी, असा प्रश्न त्यांनी पालिकेच्या वकिलांना विचारला. वकिलांचे उत्तर येईपर्यंत रोपांचे शेंडे पुन्हा सूर्याकडे वळून उभे राहिले. उत्तर अजून आलेले नाही.

या सगळ्या काळात बाई त्यांना प्रत्येक भेटीत पास्तित्सी देऊ करत, आणि ते नाकारत. कामावर असताना कुणाच्या घरचे खाणे त्यांच्या नियमात नव्हते. मग ते संध्याकाळी, गणवेश बदलून, स्वतःच्या गाडीतून परत येत आणि ओट्यावर बसून खात. बाई विचारत, "आता खाल्लंस, मग उद्या सोडशील का?" ते रिकोटा पुसत म्हणत, "नाही हो." आणि बाई म्हणत, "मग अजून एक घे. उपाशी पोटी तू जास्तच कडक असतोस." असे शत्रुत्व आजकाल पाहायला मिळते का?

(दुसरी चिठ्ठी. यात 'कृपया' नाही. कॉस्टा, एखाद्याचा गौरव अर्धवट सोडणे हे शिष्टाचाराला धरून नाही, आणि सत्कारमूर्तींनी स्वतःच्या गौरवाच्या मध्येच उठून जाणे तर त्याहूनही नाही. प्रिंगलसाहेबांना ते कधी जमणार नाही. तेव्हा तूही बसून राहा.)

ऊन आता माजी नगराध्यक्षांच्या तसबिरींवर चढले आहे. किती सुंदर दिसतात सगळे. जिवंतपणी त्यांच्यावर एवढा प्रकाश कधी पडला नव्हता.

प्रिंगलसाहेबांच्या सचोटीची एक आठवण सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. नोकरीच्या सुरुवातीला, तिन्हीसांजेला, टॉर्चच्या उजेडात त्यांनी एका घरासमोरचे वाढलेले झुडूप मोजले आणि दंड ठोठावला. सकाळी कळले की ते झुडूप नव्हते. थंडी लागू नये म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवलेला येशूच्या आईचा पुतळा होता. दुसरा अधिकारी असता, तर त्याने प्रकरण दाबले असते. यांनी त्या घरी जाऊन माफी मागितली. मग स्वतः पालिकेसमोर उभे राहून नियमावलीत एक कलम घालून घेतले. ते मला तोंडपाठ आहे. अंतिम मोजणी ज्याने नोटीस दिली त्याच अधिकाऱ्याने, मुदतीच्या आत, आणि दिवसाच्या नैसर्गिक उजेडातच करावी. तशी न झाल्यास नोटीस रद्द समजावी आणि सर्व कार्यवाही नव्याने सुरू करावी.

निव्वळ ज्ञान म्हणून विचारते, नव्याने म्हणजे किती लांब? मुख्याधिकारी महोदयांनी गेल्याच सभेत सांगितले की प्रिंगलसाहेबांच्या जागी नवा अधिकारी नव्या वर्षाआधी येणार नाही. तो येईल, नवी नोटीस देईल, तिची मुदत सुरू होईल. शेतीच्या भाषेत सांगायचे तर तोपर्यंत बाकल्याच्या शेंगा झाडावर वाळून, सोलून, बरणीत पडलेल्या असतील आणि त्या पट्टीवर टोमॅटो लागलेले असतील. त्यांच्या उंचीबद्दल तेव्हा बोलू.

नगराध्यक्ष उभे राहिले आहेत. खाली बस, कॉस्टा. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नाही, हे मी तुला सातवीत सांगितले होते, आणि तेव्हा तू बसला होतास. धन्यवाद.

मला ठाऊक आहे, काही जणांना वाटते की प्रिंगलसाहेब आमचे वैरी. मी याउलट म्हणते. नवा अधिकारी येईल तेव्हा त्याच्याकडे मोजपट्टी नसेल. पालिकेने गाडीच्या टपावर बसणारा कॅमेरा पाहून ठेवला आहे. तो रस्त्याने नुसता फिरेल आणि नोटिशी आपोआप घरी येतील. त्या कॅमेऱ्याशी कोण भांडेल? त्याला कोण म्हणेल, उपाशी पोटी तू जास्तच कडक असतोस? प्रिंगलसाहेबांनी आम्हाला छळले, पण दारावर टकटक करून छळले. ते वाकले, त्यांच्या गुडघ्यांना आमची माती लागली, आणि प्रत्येक झाडाला त्यांनी त्याच्या नावाने ओळखले. त्यांनी आयुष्यात एकही नियम मोडला नाही. आजही मोडणार नाहीत. समारंभानंतर उजेड उरला असेल, तर ते नक्की टॅनर्स स्ट्रीटवर जातील आणि जे दिसेल तेच लिहितील. ती मोजपट्टी पाहा, त्यांच्या खुर्चीखाली तयार आहे.

शेवटची एक आठवण, आणि मी थांबते. गेल्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. फाटकाबाहेरच उभे राहिले.

"बाई, शुक्रवारी माझ्यावर तुम्हीच बोला," ते म्हणाले.

"मी? मी तर तुमच्या नियमावर टीका करेन."

"करा. पण बोला तुम्हीच. मॅव्हिसची बहीण तुमच्या वर्गात होती. ती म्हणते, एकदा तुम्ही शिकवायला लागलात, की घंटा झालेली तुम्हाला ऐकू यायची नाही."

"हे कौतुक समजू की तक्रार?"

 त्यांनी माझ्या वाटाण्यांकडे पाहिले, कडेच्या दगडाकडे पाहिले, टोपीला हात लावला आणि म्हणाले, "शुक्रवारी आभाळ स्वच्छ राहील म्हणतात. मला चिंता वाटते." आणि गेले.

माणसाच्या अशा बोलण्याचा अर्थ लावायचा, तर मी विज्ञानाची शिक्षिका आहे, आणि विज्ञानात पुराव्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. म्हणून मी निष्कर्ष काढला नाही. मी फक्त भाषणाची तयारी नीट केली.

प्रिंगलसाहेब, गृहउद्यान मंडळातर्फे आपल्याला दीर्घायुष्य, आरोग्य आणि दारासमोर ऊन असलेली पट्टी लाभो. नाझरेनाबाईंनी सांगितले आहे की बी वाळले की त्यातले मूठभर आपल्यासाठी. आता आपण गणवेशात नसाल, तेव्हा ते घ्यायला हरकत नसावी. संयोजकांचे, चहा करणाऱ्यांचे, तो पडदा उघडा ठेवणाऱ्या ताईंचे आणि एवढा वेळ संयमाने बसलेल्या नगराध्यक्षांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचे नाव राहून गेले असेल, मान राखण्यात काही कमी पडले असेल, तर या म्हाताऱ्या शिक्षिकेला उदार मनाने क्षमा करावी. वेळेबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

आता आभाराचे शेवटचे दोन शब्द या कागदावर लिहिले आहेत, ते वाचते आणि...

माफ करा. अक्षरे दिसत नाहीत.

कुणीतरी कृपया सभागृहाचे दिवे लावता का?